डबीतल्या खराब, कागदातल्या चांगल्या

तात्या, तुम्हाला जाऊन दोन महिने होत आले आणि मी अजून तुमच्यावर चिडलेली आहे. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांनी तुमचं कपाट आवरलेलं नाही.

भेटायला येणारे सगळे तुमच्याबद्दल चांगलंच बोलतात. वालचंदनगरच्या कारखान्यात तुमच्याबरोबर ड्रॉइंग ऑफिसात असलेले दोघंतिघं येऊन गेले, तुमच्या हातची रेघ कशी होती ते सांगून गेले. शेळगावची भावकी आली, कुणाच्या लग्नात तुम्ही किती धावपळ केलीत ते सांगून गेली. मी चहाचे कप फिरवत होते आणि मनात म्हणत होते, या माणसानं माझ्यासाठी काय करून ठेवलंय ते यांना सांगावं का. सांगितलं नाही. सुनेनं सासऱ्याबद्दल इतक्यात असं बोललेलं बरं दिसत नाही. म्हणून तुम्हालाच सांगते. माझं बोलून घेणं तुम्हाला नवीन नाही.

लग्न होऊन बारामतीच्या या घरात आले त्याच्या तिसऱ्या दिवसाची गोष्ट. घरात पाहुणे, माझ्या हाताची मेंदी गेलेली नव्हती. तुम्ही मागच्या खोलीच्या दारात येऊन मला विचारलंत, "इंग्रजी घेऊन बी.ए. झालीस म्हणं?" मी घाबरत हो म्हणाले. इंदापूरच्या कॉलेजातलं ते बी.ए., सेकंड क्लास, त्यात इंग्रजी बोलायची वेळ कधी आलीच नव्हती. "मंग जरा हिकडं ये. ही बाई काय म्हणती तेवढं सांग." टीव्हीवर एक काळीपांढरी गोरी बाई तोंड उघडं ठेवून थांबलेली होती. खाली इंग्रजीत दोन ओळी होत्या. मी वाचल्या. म्हणाले, "ती म्हणतीय, तुम्ही माझा अपमान केलात म्हणून मी जात नाहीय, तुम्ही अपमान करायचीसुद्धा तसदी घेतली नाहीत म्हणून जातीय." तुम्ही रिमोटानं शेजारची खुर्ची दाखवलीत. मग म्हणालात, "बराबर हाय तिचं. बस."

तेव्हापासून आपलं ते चालू झालं. दुपारची जेवणं झाली, भांडी झाली, की मागच्या खोलीत. पडदे ओढलेले, दार लावलेलं. ड्रॉइंग ऑफिसच्या आधी कारखान्याच्या शॉपमध्ये, यंत्रांच्या आवाजात काढलेल्या वर्षांनी तुमचे कान गेलेले, त्यामुळं गोऱ्यांचं बोलणं तुम्हाला ऐकू येत नव्हतं आणि मला आलं तरी कळत नव्हतं. सगळा भरवसा खालच्या दोन ओळींवर. तुम्ही थांबवायचात, मी सांगायची, तुम्ही विचार करायचात, मग "हं, फुडं." दीड तासाचा पिक्चर आपल्याला तीन दुपारी पुरायचा. आणि तुम्ही थांबवायचात ते नुसतं बोलण्यासाठी नाही. हिरो हिरॉइनला जवळ घेत असायचा आणि तुम्ही मागच्या जिन्याकडं बोट दाखवायचात. "ह्यो जिना बघ शोभा. ह्यो आदी कुणीतरी कागदावर काढलाय. मंग सुताराला दिलाय. कठडा बघ त्याचा. पिक्चर झाल्यावर मोडला आसंल." मला जिन्यात काय बघायचं ते पहिली दोन वर्षं कळलं नाही. आता कुठल्याही जिन्यावरून चढताना माझा हात आपोआप कठड्यावरून फिरतो.

हॉलिवूडचे जुने स्टुडिओ म्हणजे काय हे मला कुठल्या पुस्तकातनं कळलं नाही, तुमच्याकडून कळलं. "कारखानाच की गं. एका कंपाउंडात समदं. सुतार त्यांचे, शिंपी त्यांचे, वायरमन त्यांचे. नट बी पगारी. सकाळी भोंगा, दुपारी जेवणाची सुट्टी. आमच्या हितं बॉयलर बनायचे, तितं प्रेमाचे पिक्चर. बाकी तेच." तुम्ही असं म्हणालात तेव्हा मी हसले होते. पण खरं सांगू, कारखान्याच्या कॉलनीत आयुष्य काढलेल्या माणसालाच ते सुचलं असतं. तुम्ही पडद्यावरच्या नावांच्या यादीतसुद्धा नटांची नावं सोडून पुढं जायचात आणि 'सेट कुणी केला' तिथं थांबवायचात.

आणि तुमचा तो शोध. बाकी लोक पिक्चर शोधतात, तुम्ही त्या पिक्चरची नेमकी कुठली आवृत्ती ते शोधायचात. आपल्याकडं छापलेल्या स्वस्त डिस्कवर खालच्या ओळीच नसायच्या. दुसरी कुठली तरी मिळायची, तिच्यावर ओळी असायच्या पण फ्रेंच नाहीतर स्पॅनिश. तुम्ही डबीच्या पाठीमागची बारीक अक्षरं ड्रॉइंगच्या भिंगातून वाचायचात, तांदळातले खडे निवडल्यासारखी. न्यू जर्सीतल्या माझ्या भावाला तर तुम्ही हक्काचा पोस्टमन करून ठेवला होता. तो सुट्टीला आला की त्याच्या बॅगेत आमच्यासाठी चॉकलेटं कमी आणि तुमचे डबे जास्त. तिकडची डिस्क इकडच्या प्लेअरवर चालत नाही, म्हणून इंदापूरच्या त्या मेकॅनिककडं प्लेअर घेऊन गेलो होतो आपण एसटीनं. मांडीवर घेऊन बसला होता तुम्ही तो, लेकरासारखा. त्यानं रिमोटवर कुठलेसे आकडे दाबले आणि तो प्लेअर सगळ्या देशांचं खायला लागला. येताना तुम्ही मला भेळ दिलीत. तुमच्याकडून खाल्लेली ती एकच भेळ.

एकच पिक्चर तुम्ही तीनतीनदा घेतलात तेव्हा मी भांडले होते. पहिल्यांदा साधी डिस्क, मग दोन डिस्कवाली, मग पुठ्ठ्याच्या जाड डब्यातली, आत पुस्तक आणि फोटो. मी म्हटलं, तात्या, तीच बाई, तोच बाप्या, शेवटी तेच लग्न, तिसऱ्यांदा काय बघायचंय? तुम्ही उठलात, फूटपट्टी आणलीत आणि टीव्हीला लावलीत. "ह्यात बघ, बाईचं डोकं वरनं कापलंया. नव्या टीव्हीत बसवायला कापलंय हरामखोरांनी. आन ह्यात बघ, पुरं डोकं हाय." खरंच होतं. पहिल्या डिस्कमध्ये बिचारीचा अंबाडाच गायब होता आणि मला कधी कळलंही नव्हतं. एकदा कुणीतरी काळ्यापांढऱ्याला रंग फासून काढलेली आवृत्ती आली, तेव्हा तर तुम्ही दोन घास कमी जेवलात.

मग ते स्टुडिओ विकले जायला लागले. म्हणजे विकले आधीच गेले होते, बातमी आपल्यापर्यंत उशिरा आली. याची जुनी रिळं त्यानं घेतली, त्याची तिसऱ्यानं, सातबाऱ्यावर नाव बदलावं तसं. ज्याच्या नावावर पिक्चर गेला त्याला तो काढायचाच नसायचा. एका कंपनीच्या ठरावीक वर्षांतल्या डिस्का तर आपोआप खराब व्हायला लागल्या. वापरून नाही, नुसत्या डबीत बसून. आतले दोन थर सुटतात, कडेनं धुरकट दिसतं, आणि पिक्चर बरोबर मध्यावर येऊन थिजतो. एका जाड डब्यात अनेक पिक्चर असलेल्या तुमच्या सगळ्यात लाडक्या सेटची तीच गत झाली. तुम्ही एकेक डिस्क ट्यूबलाइटसमोर धरून बघत होता आणि तुमचा चेहरा मला बघवत नव्हता.

म्हणून मी ते केलं, तात्या. दुसऱ्या कशासाठी नाही. तुमच्या नातीच्या लॅपटॉपवर एक न बिघडलेली डिस्क टाकली आणि हार्ड डिस्कवर उतरवून घेतली. म्हटलं, राहिलेल्या तरी वाचतील. तुम्हाला आनंदानं दाखवायला गेले. तुम्ही काय म्हणालात ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "माझ्या घरात चोरी केलीस?" मी म्हटलं, चोरी कसली, डिस्क तुमचीच आहे. "डिस्क माझी हाय. पिक्चर माझा न्हाय. मी उभ्या जल्मात कंपनीची पेन्सिल घरी आणली न्हाय." मी म्हटलं, ज्यांच्या पेन्सिलीची तुम्हाला एवढी काळजी आहे त्यांनी तुम्हाला कुजकी डिस्क विकलीय. तुम्ही म्हणालात, "त्यांनी श्यान खाल्लं म्हणून आपुन खायाचं व्हय?" आणि बोट दाखवलंत लॅपटॉपकडं. मी तुमच्यासमोर ते पुसून टाकलं. मग उठले, स्वयंपाकघरात गेले, आणि त्या दिवसापासून दुपारी मागच्या खोलीत आले नाही.

चार महिने. तुम्ही एका शब्दानं बोलावलं नाहीत. मी एका शब्दानं विचारलं नाही. जेवायला वाढत होते, गोळ्या देत होते, तुम्ही "भाकरी चांगली झालीया" म्हणत होता, अबोला असा कुणाला दिसतही नव्हता. दुपारी खोलीतून आवाज यायचा आणि थांबायचा नाही. म्हणजे तुम्ही न थांबवता बघत होता. काय कळत असेल तुम्हाला, मी कांदे चिरताना विचार करायची, आणि मग म्हणायची, नाही कळत तर बोलवा की. मध्ये माझ्या भावाचा मित्र पुण्याला आला होता, त्याच्याबरोबर तुमच्यासाठी एक पार्सल आलं. मी ते न उघडता तुमच्या टेबलावर ठेवलं. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मला वाटलं आता बोलाल. तुम्ही म्हणालात, "बरं."

आणि मग त्या सकाळी आंघोळीला म्हणून उठलात, खाली बसलात आणि पुन्हा उठलाच नाहीत.

तेराव्यानंतर तुमचे धाकटे चिरंजीव, आमचे बापूभाऊजी, शेळगावला परत निघाले. जाता जाता म्हणाले, "वैनी, तात्यांच्या खराब झालेल्या सीड्या असत्याल तर द्या. डाळिंबाला बांधतो. पाखरांनी लय उच्छाद मांडलाय." यात काही वावगं नव्हतं. तुमच्या जुन्या, स्वस्तातल्या डिस्का याआधीही बागेत गेल्या होत्या, तुम्हीच दिल्या होत्या. मी कपाट उघडलं. वरच्या फळीवर तुमचे सेट, पुठ्ठ्याच्या डब्यांत, ओळीनं, पाठीवरची सोनेरी अक्षरं एका रेषेत. खालच्या खणात पांढऱ्या कागदी पाकिटांची चवड, पाचपन्नास तरी असतील, उघडी बोडकी. आता सांगा, कुणीही काय समजेल? चांगलं ते डबीत, खराब झालेलं ते काढून कागदात. मी ती चवड पिशवीत घालून भाऊजींच्या हातात दिली. वरून म्हटलं, लागल्या तर अजून सांगा. डबे मात्र पुसून जागच्या जागी ठेवले. म्हटलं, एवढं तरी तुमचं नीट सांभाळीन.

महिनाभर ते तसंच होतं. मग आमच्या सासूबाईंनी, आत्याबाईंनी, विचारलं.

त्यांच्याबद्दल तुम्ही एक वाक्य कायम म्हणायचात, "तिला काय कळतंय त्यातलं." रागानं नाही, सहज. आणि त्याही तसंच म्हणायच्या, "मला काय कळतंय त्यातलं." त्यामुळं घरात सगळ्यांनी ते गृहीतच धरलं होतं, मीसुद्धा. त्या दिवशी दुपारी त्या लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "शोभा, एवढं काय बगत व्हते गं ते? मला येकदा दाव की. त्यास्नी लय आवडायचा त्यो कंचा पिक्चर व्हता, त्यो."

तुम्ही गेल्यापासून त्यांनी स्वतःहून मागितलेली ती पहिली गोष्ट होती. भात नको, चहा नको, लेकीकडं जायला नको, कशालाच हो नव्हतं. मी उड्या मारतच उठले. मला माहीत होतं कुठला लावायचा. टोप्यांच्या दुकानातल्या बाईचा. जाड डबा काढला, डिस्क घातली. कंपनीचं चिन्ह आलं, बँड वाजला, दुकानाची काच दिसली आणि थिजलं. पुसून पुन्हा लावली. थिजलं. दुसरा सेट काढला. थिजलं. एकेक करून मी सगळे डबे उघडले, तात्या. आत्याबाई सोफ्याच्या कडेला हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, परक्याच्या घरी बसल्यासारख्या. शेवटी म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. न्हाय नशिबात." आणि लसणाकडं गेल्या.

मी भावाला फोन लावला आणि त्याच्यावर उखडले. म्हटलं, तुझ्या त्या सगळ्या डिस्का कुजल्या, एक चालत नाही. तो म्हणाला, "अगं पण बदलून दिल्या की कंपनीनं. मी सगळ्यांची नावं आणि नंबर कळवले होते, तात्यांनीच यादी दिली होती. साध्या कागदी पाकिटात आल्या नव्या, मित्राबरोबर पाठवलेल्या त्या पार्सलात. डबे देत नाहीत ते. तुला दाखवल्या नाहीत?"

मी फोन कानाला धरूनच खालचा रिकामा खण उघडला.

"ते मला म्हणाले होते, शोभाला सांगू नको," तो म्हणाला, "म्हणाले, मीच दावतो तिला, चोरी न करता बी हुतंय ते. आली खोलीत की दावतो."

आली खोलीत की! तात्या, ती खोली स्वयंपाकघरापासून पंधरा पावलांवर आहे. तुम्ही मला हाक मारायची होती. मी काय शेळगावला राहत होते? नव्या डिस्का खालच्या खणात ठेवून, कुजलेल्या तशाच डब्यात ठेवून, सेट पुरा दिसला पाहिजे म्हणून, तुम्ही माझी वाट बघत बसलात. आणि मला तरी कळायला हवं होतं. या घरात शोकेसमधला स्टीलचा डिनर सेट माझ्या लग्नापासून कधी जेवायला निघालेला नाही, त्यावर सगळ्यांची नावं कोरलीत आणि आपण जेवतो ते चेपलेल्या ताटांत. दाखवायचं वेगळं आणि वापरायचं वेगळं ही या घराची रीत मी रोज हातानं घासते. आणि त्याच घरातल्या कपाटात मी चांगलं ते डबीत असेल असं समजले. तुमची चूक किती आणि माझी किती, यावर मी तेव्हापासून तुमच्याशी भांडतेय. तुम्ही उत्तर देत नाही म्हणून माझा संताप होतो. भांडण अर्ध्यात सोडून जायची ही कुठली पद्धत?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि तुमचा थोरला, आमचे हे, शेळगावला गेलो. आत्याबाईंना काही सांगितलं नाही. बागेच्या बांधावर उभी राहिले. सगळी बाग लखलखत होती. भाऊजींनी काम नेहमीप्रमाणं चोख केलं होतं. दोन्ही बाजूंनी चमकावं म्हणून दोनदोन डिस्का पाठीला पाठ लावून चिकटपट्टीनं जोडल्या होत्या, सुतळीनं फांद्यांना बांधल्या होत्या. वाऱ्यानं फिरत होत्या, डाळिंबाच्या काट्यांवर घासत होत्या. काट्यावर घासल्याचा बारीक आवाज येत होता, तो मला अजून झोपताना येतो.

"ह्या चांगल्या व्हत्या व्हय?" भाऊजींचा चेहरा उतरला. "मंग मला कशाला दिल्या वैनी?"

मी म्हटलं, चुकून.

"घेऊन जावा मंग. तसाबी उपेग न्हाय आता. पयले आठ दिस पाखरं भ्याली. आता बुलबुल त्याच्यावरच बसून झोका घेतंय."

आम्ही तिघांनी दुपारपर्यंत त्या सोडवल्या. माझे हात काट्यांनी भरले. भाऊजी एकेक सोडवून शर्टाच्या खिशाजवळ धरून आणत होते, जशी काही गरम आहे. ते एकदा म्हणाले, "तात्यांनी मला कवा दावलं न्हाय, काय असतंय ह्याच्यात," आणि पुढच्या झाडाकडं गेले. मी तेव्हा त्या वाक्याकडं लक्ष दिलं नाही. मला डिस्कांचीच चिंता होती. फळांच्या क्रेटमध्ये वर्तमानपत्र घालून घरी आणल्या. चिकटपट्टी सोडवताना वरचा छाप निघून येत होता, त्याबरोबर नावंही. कुठली कुठली आहे ते लावल्याशिवाय कळत नव्हतं. दोन दिवस मी तेच करत होते. बऱ्याच वाचतच नव्हत्या. काही सुरू व्हायच्या आणि खडखडून बंद पडायच्या. आणि मग एक लागली, दुकानाची काच दिसली, काचेत टोप्या, आणि चित्र पुढं सरकलं.

मी आत्याबाईंना हाक मारली.

त्या आल्या आणि सोफ्याच्या कडेलाच बसल्या. मी म्हटलं नीट बसा, मागं टेका. पडदे ओढले नाहीत, दार उघडंच होतं, मुद्दाम नव्हे, घाईत राहिलं. मी सांगायला लागले. ही दुकानातली बाई. हा माणूस दर शनिवारी येतो आणि बायकोसाठी एक टोपी घेऊन जातो. आत्याबाईंसाठी पिक्चर थांबवायला लागत नव्हता. त्यांनी मध्येच सांगितलं, "त्याला बायकू न्हाय." मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? मला दुसऱ्यांदा बघितल्यावर कळलं होतं. "बायकूचं माप सांगताना आसं कुणी हसत न्हाय," त्या म्हणाल्या. तात्या, आपल्याला कुणाला ते सुचलं नव्हतं. तुम्हाला तर नाहीच, तुम्ही मागच्या कपाटाच्या खणांकडं बघत होता. त्या हसत होत्या, तोंडाला पदर लावून, त्या मालकाच्या ढेरीला, त्या टोपीवरच्या पिसाला. तुम्ही गेल्यापासून मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. त्याच्याआधीही कधी इतकं बघितलं होतं का, मला आठवत नाही.

बाईला खरं कळतं तिथवर पिक्चर आला. ती पावसात त्याच्या घरी जाते. त्यानं नेलेल्या सगळ्या टोप्या त्यानं कुणाला दिल्या ते विचारायला. पायऱ्या चढते. घंटीवर बोट ठेवते. आणि तिथं तो थिजला. काट्यानं आडवा गेलेला एक ओरखडा होता, मी नंतर बघितला. पुढं ढकललं, मागं घेतलं, काढून पुन्हा घातली. ती बाई बोट घंटीवर ठेवून उभी ती उभीच.

"ऱ्हाऊ दे," आत्याबाई म्हणाल्या. "तू बगितलाय न्हवं? तूच सांग. आत घेतलं का तिला?"

"घेतलं की," मी म्हटलं. "दार उघडलं, भिजली होती, आत घेतलं, शेगडीजवळ बसवलं. टोप्या सगळ्या तशाच होत्या खोक्यांत."

त्यांनी त्या थांबलेल्या बाईकडं बोट केलं.

"मला कवा घेतलं न्हाय," त्या म्हणाल्या. "रोज चार वाजता चा आणायचे तुमा दोगांचा. दार वाजवायचे. तू दार किलकिलं करून कप घ्यायचीस. आतनं वाजायचं, बोलायचा तुमी. तुला बोल लावत न्हाय, तू ल्हान व्हतीस. पर त्यांनी येकदा म्हणायचं, ये, बस. म्या काय बसले नसते. काम पडल्यालं असायचं. पर म्हणायचं."

एवढंच. त्या रडल्या नाहीत. आवाजही चढला नाही.

तात्या, ते कप माझ्याच हातात यायचे. दार मीच लावून घ्यायचे, पडद्यावर उजेड पडतो म्हणून. इतकी वर्षं. तुम्ही मला हाक मारली नाहीत म्हणून मी चार महिने रुसून बसले आणि तुम्ही गेल्यावर दोन महिने तुमच्यावर चिडून आहे, आणि ही बाई माझं लग्न झाल्यापासून दारात उभी होती, एक दिवस रुसली नाही. मला तुमच्याकडून शिकायला मिळालं त्याला तोड नाही. सुनेला शेजारी बसवून, तिच्या सेकंड क्लासच्या इंग्रजीला मान देणारा सासरा मी दुसरा बघितला नाही, हे मी कुणालाही सांगीन. पण तुमच्या मनात जे चांगलं होतं ते तुम्ही खणात ठेवलंत आणि कुणीतरी येऊन उघडेल म्हणून बसून राहिलात. कोण उघडणार? आम्ही दार वाजवून परत जाणारी माणसं. आता आत्याबाईंना काय उत्तर देऊ मी तुमच्या वतीनं? तुम्हीच द्यायला हवं होतं, आणि ते द्यायला तुमच्याकडं भरपूर दुपारी होत्या.

मी टीव्ही बंद केला. म्हटलं, "आत्याबाई, उद्या दुसरा लावते. जेवढा चालेल तेवढा. उरलेला मी सांगीन. तुम्ही बसा माझ्याजवळ."

त्या क्रेटपाशी गेल्या, खाली बसल्या, वरची एक डिस्क उचलली, उजेडाकडं धरली आणि पदरानं पुसायला लागल्या, गोल गोल, ताट पुसतात तशी. तशी पुसली की आणखी ओरखडे पडतात, तुम्ही असतात तर ओरडला असतात. मी दुसरी उचलून त्यांच्या हातात दिली.